व्हेनिस की पुंटा गोर्डा

निवृत्तीनंतर फ्लोरिडात जायचं, एवढं आमचं ठरलेलं होतं. न्यू जर्सीत एडिसनला आमचा संसार झाला, मुलं मोठी होऊन आपापल्या मार्गाला लागली. मागे राहिला तो घराचा प्रॉपर्टी टॅक्स, राज्याचा इन्कम टॅक्स आणि जानेवारीत ड्राइव्ह-वेवरचा बर्फ. तिन्हींचा कंटाळा आला होता. फ्लोरिडात राज्याचा इन्कम टॅक्स नाही आणि बर्फाचा तर प्रश्नच नाही. प्रश्न होता गावाचा. शोधता शोधता दोन नावं उरली, व्हेनिस आणि पुंटा गोर्डा. दोन्ही मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूला, एकमेकांपासून तीस-पस्तीस मैलांवर. दोन्ही लहान, दोन्हीकडे आमच्याच वयाची माणसं. यात निवडायचं ते काय, असं कोणीही म्हणेल. त्या निवडीत आमची तीन वर्षं गेली. ओळखीतली काही घरं आता त्याच वाटेवर आहेत आणि फोनवर तेच तेच सांगून माझा घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढते.

यांना पुंटा गोर्डा आवडलं होतं, मला व्हेनिस. हे मूळचे दाभोळचे. लहानपण खाडीकाठी गेलेलं. घराच्या मागे पाणी आणि पाण्यात स्वतःची होडी, हे यांचं जुनं वेड. मी पुण्याच्या पेठेत वाढलेली. मला पायी फिरता येईल असं गाव हवं होतं, आणि फिरून दमल्यावर बसायला समुद्र.

२०२२च्या फेब्रुवारीत आम्ही पहिल्यांदा घरं बघायला गेलो. फ्लोरिडातला फेब्रुवारी म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम. गाव नटून बसलेलं असतं आणि दोष कोणी सांगत नाही. हवा आपल्याकडच्या डिसेंबरसारखी, डास नाहीत, हॉटेलं भरलेली, सगळे खुशीत.

पुंटा गोर्डा वसलंय पीस नदीच्या मुखाशी, जिथे ती शार्लट हार्बर या मोठ्या खाडीला मिळते तिथे. गावाला लागून पुंटा गोर्डा आइल्स नावाची वस्ती आहे. १९६०च्या दशकात दलदल खणून तिथे कालवे काढले आणि निघालेल्या मातीचा भराव टाकून घरं बांधली. प्रत्येक घरामागे कालवा, कालव्याला काँक्रीटची भिंत, भिंतीला लागून धक्का आणि धक्क्याला होडी. नदीकाठाने हार्बरवॉक नावाची सुरेख पायवाट आहे, फिशरमेन्स व्हिलेजमध्ये खाणंपिणं आहे. गाव इतकं नवं-नेटकं कसं, असं मी एजंटला विचारलं. ती म्हणाली, २००४च्या ऑगस्टात चार्ली वादळ थेट गावावरून गेलं, त्यानंतर बरंच काही नव्याने बांधलं. तिने हे गावाची जमेची बाजू म्हणून सांगितलं होतं.

कालव्यांमध्येही प्रतवारी असते, हे तिथे कळलं. वाटेत ठरावीक उंचीचा पूल असेल तर शिडाची उंच होडी त्याखालून जात नाही. म्हणून ‘सेलबोट वॉटर’ लिहिलेलं घर महाग. दुसरं म्हणजे होडी खाडीत लगेच पोहोचते, पण खाडीतून खुल्या समुद्रात जायला तासभर लागतो, कधी जास्त. आणि पुंटा गोर्डाला समुद्रकिनारा नाही. वाळूत पाय ठेवायचे तर गाडी काढून एंगलवूडला किंवा बोका ग्रँडेला जायचं. समुद्राकाठचं गाव म्हणून जाहिराती वाचून येणाऱ्या बऱ्याच जणांना हे आल्यावर कळतं.

कालव्याच्या भिंतीबद्दल मात्र मला गावाचं कौतुक वाटलं. इतर ठिकाणी ही सी-वॉल कोसळली की घरमालकाच्या गळ्याशी येते, खर्च हजारोंत जातो. पुंटा गोर्डा आइल्समध्ये दरवर्षी ठरावीक पट्टी भरायची आणि भिंतींची देखभाल नगरपालिका करते. २०१७च्या अर्मा वादळात वाऱ्याने कालव्यातलं पाणी बाहेर ओढलं, आतल्या ओल्या मातीचा दाब भिंतीवर आला आणि ठिकठिकाणच्या भिंती पडल्या. त्या नगरपालिकेने बांधून दिल्या.

व्हेनिस वेगळं. १९२०च्या दशकात रेल्वे इंजिन चालकांच्या संघटनेने इथे जमीन घेतली आणि जॉन नोलेन या नगररचनाकाराकडून अख्ख्या गावाचा आराखडा करून घेतला. पुढे जमिनींचे भाव कोसळले, संघटनेचे पैसे बुडाले, पण आराखडा राहिला. रुंद रस्ते, मधोमध झाडं, कौलारू इटालियन धाटणीच्या इमारती. व्हेनिस ॲव्हेन्यूवरून पश्चिमेला चालत गेलं की रस्ता समुद्रावरच संपतो. किनाऱ्यावर माणसं वाकून वाळू चाळत असतात, कारण इथे शार्क माशांचे काळे पडलेले पुरातन दात सापडतात. त्यासाठी लांब दांड्याची जाळीदार टोपली मिळते. तिला तिथली माणसं थट्टेने फ्लोरिडाचं बर्फाचं फावडं म्हणतात. हे ऐकून यांनाही हसू आलं.

तरी यांचा जीव अडकला होता आइल्समधल्या एका घरात. १९७८चं घर, कालव्याच्या वळणावर, मागे मोठी लनाई. लनाई म्हणजे जाळी लावलेला मागचा ओटा. संध्याकाळी तिथे बसलो तेव्हा पाण्यात मासे उड्या मारत होते. हे मला म्हणाले, “अगं, अगदी आमच्या आजोळच्या धक्क्यासारखं आहे.” मी काही बोलले नाही. घर मलाही वाईट वाटलं नव्हतं.

एडिसनला परत आल्यावर इन्शुरन्सचं बघायला घेतलं, आणि इथून सगळ्याला वेगळं वळण लागलं.

पोर्ट शार्लटच्या एका इन्शुरन्स एजंट बाईंना फोन केला. मी घराचं वर्णन करायला लागले तर त्यांनी थांबवलं. पहिला प्रश्न, छप्पर कोणत्या वर्षाचं? मी कागद बघून सांगितलं, २००५. त्या हसल्या. “अख्ख्या गावाची छपरं २००५ची आहेत,” म्हणाल्या. चार्लीत छपरं उडाली, सगळ्यांनी एकदम नवी घातली, आणि आता सगळी एकदम म्हातारी झाली. पंधरा वर्षांपेक्षा जुनं छप्पर म्हटलं की बऱ्याच कंपन्या मागे सरतात, निदान तपासणी तरी मागतात. त्यात ते वर्ष असं, की फ्लोरिडातल्या एकामागून एक विमा कंपन्या दिवाळखोरीत निघत होत्या. बाकी कोणी घेत नसेल तर सिटिझन्स नावाची राज्याची कंपनी असते, शेवटचा आधार म्हणून. तिचा दर आला तो आमच्या एडिसनच्या घराच्या चौपट.

आणि हे झालं फक्त वाऱ्याचं. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो, हे तिकडे राहणाऱ्या आपल्या कितीतरी लोकांना ठाऊक नसतं. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत समुद्रातून किंवा आभाळातून जमिनीवर येऊन घरात शिरलेलं पाणी धरत नाहीत. त्यासाठी केंद्र सरकारची योजना आहे. तीत राहत्या घराच्या इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानाला एक लाख मिळतात. त्याहून महाग घर असेल तर वरचं खासगी कंपनीकडून घ्या.

एजंट बाईंनी मग एलेव्हेशन सर्टिफिकेट मागवायला सांगितलं. हा मोजणीदाराचा दाखला असतो. घराची फरशी समुद्रसपाटीपासून किती उंच, हे त्यात फुटांत लिहिलेलं असतं. त्या भागासाठी सरकारने पुराच्या पाण्याची एक पातळी धरलेली असते, तिच्याशी फरशी ताडून बघायची. आमच्या पसंतीच्या घराची फरशी त्या पातळीच्या दोन फूट खाली होती. जुन्या घरांत हे सर्रास असतं, तेव्हा नियमच तसे होते. पण त्याचा एक परिणाम आम्हाला कोणी सांगितला नव्हता. अशा घराचं वादळात नुकसान झालं आणि दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला, तर नुसती दुरुस्ती करून चालत नाही. पूर्ण घर आजच्या नियमात बसवावं लागतं, म्हणजे उचलून उंच करायचं नाहीतर पाडून नवं बांधायचं. यात किंमत धरतात ती फक्त बांधकामाची, जागेची नाही. कालव्याकाठी पैसा असतो तो जागेत. १९७८च्या बांधकामाची किंमत ती काय येणार? थोडं पाणी शिरलं तरी आपण निम्म्याच्या वर.

हरिकेन डिडक्टिबलही टक्क्यांत असतं. घर चार लाखांना उतरवलंय आणि डिडक्टिबल ५ टक्के असेल, तर पहिले वीस हजार आपले. २ टक्केवालं घेतलं तर आठ हजार, पण हप्ता वाढतो. हे सगळं मी एका वहीत लिहून काढलं आणि वही यांच्यापुढे ठेवली. यांनी ती वाचली आणि मिटली. “सगळे राहतातच ना तिथे?” एवढंच म्हणाले. दोन दिवस आमच्यात जेवायला वाढण्यापुरतं बोलणं होतं.

सौदा लांबत गेला. विकणारा छप्पर बदलायला तयार नव्हता, आम्ही किमतीवर अडून होतो. तेवढ्यात सप्टेंबर उजाडला.

इयन वादळ आधी टँपाकडे जाणार असं सांगत होते. मग रोज त्याची वाट थोडी थोडी दक्षिणेला सरकत गेली. २८ सप्टेंबरला दुपारी ते कायो कोस्टा बेटावर आदळलं, १८ वर्षांपूर्वी चार्ली आलं होतं त्याच बेटावर, आणि पुंटा गोर्डाच्या जवळून आत शिरलं. आम्ही एडिसनच्या घरात टीव्हीपुढे बसून होतो. यांचा चहा तसाच गार झाला. घर आपल्या नावावर नाही म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तिथली माणसं अडकलेली असताना तसं वाटलं याची लाजही वाटली.

नोव्हेंबरात जाऊन आलो. पाण्याचा खरा कहर दक्षिणेला फोर्ट मायर्स बीचवर झाला होता. पुंटा गोर्डात मुख्यतः वाऱ्याने झोडपलं होतं. घराघरावर निळी ताडपत्री. आम्ही पाहिलेल्या घराची लनाईची जाळी चिरगुटासारखी कालव्यात पडली होती. नदीपलीकडे पोर्ट शार्लटमध्ये एका हॉस्पिटलचं छप्पर फाटून पाणी थेट आयसीयूपर्यंत गेलं होतं. व्हेनिसही सुटलं नव्हतं. तिथल्या नाट्यगृहाचा रंगमंचावरचा भाग कोसळला होता. आणि दोन गावांना जोडणारा आय-७५ हायवे मायाका नदीच्या पुराने वादळानंतर काही काळ बंदच होता. आजारी माणसाला उत्तरेच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं असतं तर कसं नेलं असतं, हा विचार तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आला.

व्हेनिसची बाजू यामुळे वरचढ झाली असं मला वाटत होतं. पण मार्च २०२३मध्ये आम्ही व्हेनिसला आठवडाभर राहायला गेलो आणि माझं तोंड बंद झालं. किनाऱ्यावर रेड टाइड होती. समुद्रात एक सूक्ष्म शेवाळ माजतं, त्याच्या विषाने मासे मरतात आणि लाटांबरोबर ते विष हवेत उडतं. वास येत नाही, घसा मात्र खवखवायला लागतो. किनाऱ्यावर जो तो खोकतोय. यांना थोडा दम्याचा त्रास आहे. दहा मिनिटांत आम्ही गाडीत काचा लावून बसलो. हे काही बोलले नाहीत, पण यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. त्या वर्षी हे प्रकरण इयननंतरच्या ऑक्टोबरात सुरू होऊन वसंतापर्यंत चाललं. काही वर्षी अजिबात नसतं, काही वर्षी ठाण मांडून बसतं. सारासोटाची मोट मरीन लॅबोरेटरी कोणत्या किनाऱ्यावर काय स्थिती आहे ते कळवत असते. आता आम्ही ते बघितल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

त्यानंतर ठरवलं की विकत घेण्याआधी दोन्हीकडे भाड्याने राहायचं, आणि तेही उन्हाळ्यात. यातला उन्हाळा हा शब्द महत्त्वाचा. २०२३चा उन्हाळा पुंटा गोर्डात काढला. सकाळी नऊनंतर बाहेर पाऊल टाकवत नाही. दुपारी आभाळ भरून येतं, विजा चमकतात, तासभर पाऊस कोसळतो आणि मग घामाच्या धारा. संध्याकाळी नो-सी-अम नावाच्या, जाळीतूनही आत येणाऱ्या चिलटांचा हल्ला. निम्मे शेजारी उत्तरेला गेलेले असतात. सप्टेंबरात काही हॉटेलं महिनाभर चक्क कुलूप लावतात. डॉक्टरकडे नवीन पेशंट म्हणून नाव घालायचं तर पुढच्या हंगामाची तारीख देतात. मला एकटं वाटलं. एडिसनला ओक ट्री रोडवर कोथिंबिरीची जुडी घ्यायला गेलं तरी चार ओळखीचे भेटायचे. इथे आठवडाभर मराठी बोलायला यांच्याशिवाय कोणी नाही, आणि यांच्याशी तर होडीवरून अबोला.

होडी यांनी भाड्याने घेऊन बघितली. खाडीत डॉल्फिन दिसले, मॅनाटी दिसली, हे दोन दिवस हवेत होते. मग इंजिनचं पाणी, तळाला चिकटणारे शिंपले, वादळाआधी होडी कुठे न्यायची, हे सगळं शेजाऱ्याने समजावून सांगितलं. सत्तरीत हे कोण करणार, असं मी विचारलं नाही. यांनीच एकदा स्वतःशी बोलल्यासारखं विचारलं.

पुढच्या वर्षी व्हेनिसला आलो. बेटावर नाही, अलीकडे. व्हेनिसचा जुना भाग बेट झालाय तो १९६०च्या दशकात जलमार्ग खणल्यामुळे. तीन पूल आहेत आणि होड्यांसाठी ते उघडतात. बेटावरची घरं महाग आणि बरीच सखल. जलमार्गाच्या पूर्वेला, हायवेच्या दिशेने, जमीन थोडी चढत जाते. डोळ्याला कळत नाही, नकाशात कळतं. इकडेच २०२१मध्ये सारासोटा मेमोरिअलचं नवं हॉस्पिटल झालंय. बेटावरचं जुनं हॉस्पिटल पुढच्याच वर्षी बंद पडलं, त्यामुळे गावाला या नव्याचाच आधार. जुन्या रेल्वेमार्गावर केलेली लेगसी ट्रेल ही सायकलींची वाट व्हेनिसच्या जुन्या स्टेशनापासून थेट सारासोटापर्यंत जाते. एक मोटार विकावी लागली तरी इथे माझं अडणार नाही, असं वाटलं.

मग २०२४चा तो हंगाम आला. ऑगस्टच्या सुरुवातीला डेबी आलं. ते आमच्यापासून फार दूर, राज्याच्या उत्तर भागात किनाऱ्याला लागलं. पण पाऊस सारासोटाकडे इतका झाला की पूर येणार नाही म्हणून नकाशात दाखवलेल्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्या घरांपैकी कित्येकांनी पुराचा विमा घेतलेलाच नव्हता, कारण बँकेने मागितला नव्हता. २६ सप्टेंबरला हेलीन आलं. तेही लांबून, समुद्रातून उत्तरेला निघून गेलं. आमच्या भाड्याच्या घराच्या दारातली कुंडीही पडली नाही. पण समुद्र चढला. व्हेनिसच्या किनाऱ्यालगतच्या रस्त्यांवर आणि पुंटा गोर्डाच्या बाजारपेठेत पाणी घुसलं, कालव्याकाठच्या घरांत शिरलं. वारा नाही, काही नाही, रात्री नुसतं पाणी वर येत गेलं.

लोकांनी भिजलेल्या गाद्या, कपाटं, भिंतींचे तुकडे घरापुढे आणून ठेवले होते. ते ढीग उचलायच्या आतच मिल्टनची बातमी आली.

आमच्या झोनला निघून जायला सांगितलं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. फ्लड झोन आणि इव्हॅक्युएशन झोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला विम्यासाठी, दुसरा जीव वाचवण्यासाठी. पहिल्यात आपलं घर सुरक्षित दिसलं तरी दुसऱ्यात आपण ‘बी’ असू शकतो. आम्ही तसे होतो. पासपोर्ट, औषधांच्या बाटल्या, विम्याचे कागद आणि देवघरातली अन्नपूर्णा एका झिपलॉक पिशवीत घातली. फ्रिजमधलं सगळं तसंच सोडलं. ओकालाला यांच्या जुन्या ऑफिसातले मित्र राहतात, त्यांच्याकडे निघालो. आय-७५ उत्तरेच्या दिशेने तुंबलेला. पेट्रोल पंपांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या, म्हणजे पेट्रोल संपलं. एरवी तीन तासांचा रस्ता, आम्ही मध्यरात्री पोहोचलो. तिथले अधिकारी सांगत असतात की शेकडो मैल पळू नका, दहा-वीस मैल आत उंच जागी पक्क्या घरात जा. ते अगदी खरं आहे. पण त्यासाठी दहा-वीस मैलांवर ओळखीचं कोणी असावं लागतं, आणि ते आधी जोडून ठेवावं लागतं.

मिल्टन ९ ऑक्टोबरच्या रात्री सिएस्टा की बेटावर आलं, व्हेनिसपासून अगदी जवळ. परत आलो तेव्हा सिग्नल बंद, वीज नाही, व्हेनिस बीचकडच्या रस्त्यांवर वाळूचे ढिगारे. आमचं भाड्याचं घर कोरडं होतं. फ्रिजमधल्या आमटीचं काय झालं ते सांगत नाही.

रस्ते मोकळे झाल्यावर पुंटा गोर्डाला गेलो. गिलक्रिस्ट पार्कपाशी खाडीकाठी शिडाच्या होड्या आडव्या पडल्या होत्या. हे बराच वेळ उभे होते. एरवी प्रत्येक गोष्टीचा फोटो काढतात, तिथे फोन खिशातून काढला नाही. घरी येताना गाडीत म्हणाले, “कयाक घेऊ. टपावर बांधता येते.” होडीचा विषय तिथे संपला.

फ्लॅट म्हणजे काँडो का घेतला नाही, असं बरेच जण विचारतात. २०२१मध्ये मायामीजवळ सर्फसाइडला बारा मजली इमारत कोसळून ९८ माणसं गेली. त्यानंतर राज्याने कायदा केला. तीन मजली आणि त्याहून उंच जुन्या इमारतींची तपासणी करावी लागते आणि मोठ्या दुरुस्तीसाठी पैसे बाजूला ठेवावे लागतात. गोष्ट चांगलीच झाली, पण त्याचा बोजा राहणाऱ्यांवर एकदम आला. आम्ही बघितलेल्या एका इमारतीत नवीन मालकाला आल्या आल्या मोठी रक्कम भरायची होती. तो नाद सोडला.

२०२५मध्ये व्हेनिसच्या पूर्व भागात घर घेतलं. २००६चं बांधकाम. २००२मध्ये राज्यभर नवा बांधकाम नियम लागू झाला, त्यामुळे त्यानंतरचं घर बघा असं आम्हाला सगळ्यांनी सांगितलं होतं. काँक्रीट ब्लॉकच्या भिंती, चारही बाजूंनी उतार असलेलं छप्पर, तेही इयननंतर नवं घातलेलं. विंड मिटिगेशन नावाची तपासणी करून घेतली. त्या माणसाने माळ्यावर चढून छपराच्या वाशांना भिंतीशी जोडणाऱ्या पट्ट्यांचे फोटो काढले, खिळे मोजले. त्या फोटोंवर हप्ता बराच खाली आला. घर एक्स झोनमध्ये आहे, म्हणजे पुराच्या विम्याची सक्ती नाही. तरी घेतला. वर्षाला हजार डॉलरच्या आत बसतो.

प्रॉपर्टी टॅक्सचं एक सांगते. घराच्या जाहिरातीत दिसतो तो टॅक्स विकणाऱ्याचा असतो. फ्लोरिडात राहत्या घराची टॅक्सपुरती किंमत वर्षाला ३ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवत नाहीत. तो माणूस वीस वर्षं राहिला असेल तर त्याचा टॅक्स दिसायला गोड असतो. घर विकलं की ती मर्यादा जाते आणि पुढच्या वर्षी नव्याने किंमत धरतात. आपला आकडा दुप्पटही होऊ शकतो. मग आपण होमस्टेडचा अर्ज करायचा, १ मार्चच्या आत, म्हणजे आपल्याला सवलत आणि तीच मर्यादा मिळते.

इथे आता बरं चाललंय. डाळी-पिठं सारासोटाहून आणतो. सणावाराला टँपाच्या हिंदू टेंपल ऑफ फ्लोरिडात जातो, सवा-दीड तासाचा रस्ता आहे. पुंटा गोर्डाहून तोच रस्ता आणखी अर्ध्या-पाऊण तासाने वाढला असता. मराठी घरं थोडी मिळाली, हळूहळू मिळतील. उन्हाळ्यात एडिसनची आठवण येते, खोटं कशाला बोलू.

पुंटा गोर्डा वाईट, असा निष्कर्ष मात्र काढू नका. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने आइल्समध्येच नवं, उंच जोत्यावर बांधलेलं घर घेतलं. होडी वापरतात, वादळाआधी ती बाहेर काढायची माणसं ठरलेली आहेत. हेलीनचं पाणी त्यांच्या अंगणापर्यंत आलं, आत आलं नाही. त्यांच्याकडे गेलं की यांचा चेहरा खुलतो. आमच्यासारखी होडीची हौस नुसती मनात असेल आणि गुडघे बोलायला लागले असतील, तर व्हेनिस घ्या, आणि तेही पुलाच्या अलीकडे.

बघायला जाल तर एकदा तरी ऑगस्ट-सप्टेंबरात जा. ऑक्टोबर २०२४पासून तिथे कायदा झालाय की घर विकणाऱ्याने पुराच्या नुकसानीसाठी विम्याचा क्लेम कधी केला होता का, हे लेखी सांगायचं. तो कागद हातात पडल्याशिवाय पुढे बोलू नका. आणि सरकारी पुराचा विमा घेतल्यावर तो तीस दिवसांनी लागू होतो. कर्ज काढताना बँकेने मागितला म्हणून घेतलात तर ही थांबण्याची अट नाही. आपल्यातले बरेच जण जुनं घर विकून रोखीने नवं घेतात, त्यांना ती आहे. तेव्हा वादळाचं नाव बातम्यांत ऐकून एजंटला फोन करू नका, महिनाभर आधीच करून ठेवा.